पर्वतांबरोबर तस्बीह करणारी पाखरे

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने पर्वतांना जमिनीत रोवले आणि पाखरांना आकाशात तोलून धरले. दुरूद व सलाम त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांची करुणा केवळ माणसांपुरती सीमित नव्हती.



पवित्र कुरआनात ह. दाऊद (अ.) यांचा उल्लेख येतो, तेव्हा एक गोष्ट तीन ठिकाणी आढळते. सूरह अल्-अंबियाच्या ७९ व्या आयतीत, सूरह सबाच्या १० व्या आयतीत आणि सूरह सॉदच्या १८ व १९ व्या आयतींत सांगितले आहे, की दाऊद (अ.) अल्लाहचे स्मरण करीत, तेव्हा पर्वत आणि पाखरे त्यांच्यासोबत तस्बीहमध्ये सामील होत. सूरह सॉदमध्ये वेळेचाही निर्देश आहे: दिवस कलताना आणि सूर्य वर येताना.

पर्वत आणि पाखरे. जे स्थिर आहे आणि जे क्षणभरही स्थिर राहत नाही. जे अजस्र आहे आणि जे मुठीत मावते. निर्मात्याने या दोहोंना एकाच आयतीत, एकाच उपासनेत जोडले. ज्याने कधी भल्या पहाटे डोंगरातल्या रानात पाऊल टाकले असेल, त्याला ही जोडी उमगायला वेळ लागत नाही. फज्रचा प्रकाश फुटतो न फुटतो तोच उतारावरची झाडे बोलू लागतात. डोंगर मूक वाटतो खरा. पण पाखरांच्या कंठातून जणू त्यालाच वाचा फुटते.

आज याच जोडीविषयी आपल्याशी काही बोलायचे आहे. कारण पृथ्वीवर असे काही पर्वत आहेत, की जे जागच्या जागी उभे आहेत. मात्र त्यांची पाखरे त्यांच्यापासून हिरावून नेली जात आहेत. आणि दुःखाची बाब ही, की हे ज्या भूमीवर घडत आहे, तेथे दिवसातून पाच वेळा अजान होते.

डोळ्याभोवती पांढरे कडे

आपल्या सह्याद्रीत, बागांतून आणि गावाकडच्या झाडांवरही एक चिमुकला पक्षी थव्याने फिरताना दिसतो. पिवळसर हिरवी पाठ, पिवळा कंठ आणि डोळ्याभोवती शुभ्र पांढरे कडे. या कड्यामुळे मराठीत त्याचे नाव पडले ‘चष्मेवाला’. या पाखराचे भाऊबंद आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत पसरलेले आहेत. इंडोनेशियाच्या जावा बेटावरील उंच, ओलसर, शेवाळाने मढलेल्या पर्वतीय अरण्यांत त्याचा एक जवळचा नातलग राहतो. गंमत अशी, की तेथील लोकही या जातीच्या पाखरांना ‘काचामाता’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थही चष्माच! हजारो मैल दूर, निराळ्या भाषेतल्या माणसांनी त्याच पांढऱ्या कड्याकडे पाहिले आणि तेच नाव दिले.

या पर्वतीय चष्मेवाल्याची लांबी साधारण ११ सेंटीमीटर. वजन इतके हलके, की तळहातावर ठेवला तर भार जाणवणारही नाही. एवढ्याशा देहात निर्मात्याने काय काय ठेवले आहे, ते पाहा. जिभेचे टोक कुंचल्यासारखे केसाळ आहे, म्हणजे फुलातला मध टिपता यावा. चोच बारीक व टोकदार आहे, म्हणजे पानामागचा किडा वेचता यावा. तो फळे खातो आणि त्यांच्या बिया दूर नेऊन टाकतो. फुलांतून फिरताना पराग वाहून नेतो. घरटे बांधतो ते दोन डहाळ्यांच्या बेचक्यात, झोळीसारखे लटकते. आणि ते घट्ट बांधण्यासाठी दोरा म्हणून वापरतो कोळ्याच्या जाळ्याचे तंतू. अंडी उबवणे आणि पिलांना भरवणे, या दोन्ही कामांत नर व मादी भागीदार असतात.

आणि हे पाखरू एकटे राहत नाही. थव्यातली पाखरे झाडाझाडांतून फिरताना सतत बारीक आवाजात एकमेकांना साद घालत असतात, म्हणजे कोणी मागे राहू नये, कोणी वाट चुकू नये. विसाव्याला बसली, की एकमेकांना चिकटून ओळीने बसतात आणि एकमेकांची पिसे साफ करतात. आपल्या कुटुंबांत, आपल्या मोहल्ल्यांत जो आपलेपणा असावा असे आपण खुतब्यांतून ऐकतो, तो या पाखरांच्या स्वभावातच घातलेला आहे.

सूरह अल्-मुल्कच्या १९ व्या आयतीत अल्लाह माणसाला विचारतो, की डोक्यावरून पंख पसरीत व मिटीत जाणारी पाखरे त्याने पाहिली नाहीत काय, आणि त्यांना रहमानखेरीज कोण तोलून धरतो? हा प्रश्न गरुडापुरता नाही. तळहाताएवढे हे हिरवे पाखरूही त्याच दयावंताने तोलून धरलेले आहे.

तीही एक उम्मत आहे

आपण ‘उम्मत’ हा शब्द सहसा आपल्यापुरता वापरतो. परंतु सूरह अल्-अन्आमच्या ३८ व्या आयतीत जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांना आणि दोन पंखांनी उडणाऱ्या पाखरांना आपल्याचसारख्या उम्मती म्हटले आहे, आणि शेवटी त्या सर्वांना त्यांच्या रबकडे एकत्र केले जाईल, असेही स्पष्ट केले आहे. सूरह अन्-नूरच्या ४१ व्या आयतीत याहून पुढची गोष्ट आहे. आकाशांत व पृथ्वीत जे कोणी आहेत ते, आणि पंख पसरलेली पाखरेही, अल्लाहची तस्बीह करतात. आणि प्रत्येकाला आपली नमाज व आपली तस्बीह ठाऊक आहे.

क्षणभर थांबून या शब्दांचा विचार करा. पाखराची नमाज! आपल्या कानाला जे गाणे वाटते, ते त्याच्या निर्मात्याच्या दरबारात उपासना म्हणून नोंदले जाते. ते गाणे आपल्यासाठी नाही. आपल्याला ते ऐकू येते, ही आपल्यावरची कृपा आहे. परंतु ज्याला उद्देशून ते गायले जाते, तो दुसराच आहे.

ह. नूह (अ.) यांच्या महापुराच्या प्रसंगीही हीच शिकवण दिसते. सूरह हूदच्या ४० व्या आयतीनुसार त्यांना आदेश झाला, की प्रत्येक प्रकारातील एक-एक जोडी नौकेत घ्यावी. संपूर्ण मानवी समाजाचा निवाडा होत असताना, ईमान न आणणारा सख्खा पुत्र बुडत असतानाही, जीवांच्या जाती वाचवण्याचे काम एका प्रेषितावर सोपवले गेले. जी जात अल्लाहने निर्माण केली आणि जिला नौकेतही स्थान दिले, ती आपल्या छंदापायी पृथ्वीवरून पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जावाच्या पर्वतांवर काय घडते आहे

जावा बेटाचे क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. परंतु तेथे पंधरा कोटींहून अधिक माणसे राहतात आणि त्यांतील बहुसंख्य मुस्लिम आहेत. बेटाच्या मधोमध ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. जकार्ताच्या दक्षिणेला गेडे आणि पांग्रांगो ही दोन शिखरे आहेत. पांग्रांगोची उंची ३,००० मीटरहून थोडी अधिक. त्यांच्या उतारांवरील अरण्य १९८० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. जकार्तातून वाहणारी चिलिवुंग नदी याच पर्वतांच्या कुशीतून निघते. म्हणजे तेथील कोट्यवधी नमाजींच्या वजूच्या पाण्याचे नाते या अरण्याशी आहे, आणि त्या अरण्याचे नाते बिया पेरणाऱ्या पाखरांशी.

जावात पक्षी पाळण्याची परंपरा फार जुनी आहे. जावानी समजुतीप्रमाणे पुरुषाचे आयुष्य परिपूर्ण होण्यासाठी पाच गोष्टी हव्यात: घर, पत्नी, घोडा, खंजीर आणि पक्षी. घोडा व खंजीर मागे पडले. पक्षी मात्र राहिला. पुढे त्याला गायन-स्पर्धांची जोड मिळाली. मैदानात पिंजऱ्यांच्या रांगा टांगायच्या, परीक्षकांनी आवाज जोखायचा आणि जिंकणाऱ्या पाखराची किंमत एका दिवसात अनेक पटींनी वाढायची. चष्मेवाला हा या स्पर्धांतला एक लाडका स्पर्धक.

या छंदाचा पसारा केवढा? संशोधकांनी २०१८ मध्ये जावातील तीन हजारांहून अधिक कुटुंबांना भेटून केलेल्या अभ्यासातून असा अंदाज निघाला, की बेटावरील सुमारे ३ कोटी ६० लाख कुटुंबांपैकी एक तृतीयांश कुटुंबे पक्षी पाळतात, आणि पिंजऱ्यांतील पक्ष्यांची एकूण संख्या ६ कोटी ६० लाख ते ८ कोटी ४० लाख असावी. त्यापूर्वी, २०१४ मध्ये ‘ट्रॅफिक’ या वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने जकार्तातील प्रामुका, जातिनेगारा आणि बारितो या तीन पक्षी-बाजारांत तीन दिवस मोजणी केली. तेव्हा १९,०३६ पक्षी आढळले आणि ते २०६ जातींचे होते. न्यायाने सांगायचे, तर पाळलेले सर्वच पक्षी रानातून आणलेले नसतात. लव्हबर्ड आणि कॅनरी यांची पैदास पिंजऱ्यातच होते. परंतु अनेक स्थानिक गाणाऱ्या पाखरांच्या बाबतीत रान हाच पुरवठ्याचा स्रोत आहे.

पकडण्याची रीत ऐकली, तर मन सुन्न होते. फांदीला चिकट चीक लावतात किंवा झाडांमध्ये जवळजवळ अदृश्य अशी बारीक जाळी ताणतात. मग पिंजऱ्यातले एक पाखरू जवळ टांगतात किंवा त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवतात. थव्यातली पाखरे आपल्या भावंडाची साद ऐकून धावत येतात आणि अडकतात. कोणी मागे राहू नये म्हणून जी साद निर्मात्याने त्यांच्या कंठात ठेवली, तीच त्यांच्यासाठी सापळा ठरते. त्यांनंतर गर्दीच्या खोक्यांतून दूरचा प्रवास. आणि त्या प्रवासात किती तरी पाखरे बाजाराचे तोंड पाहण्याआधीच मरून जातात. एका घराच्या ओसरीवर गाणारे एक पाखरू जेव्हा आपण पाहतो, तेव्हा त्याच्या मागे न दिसणारी, न गाऊ शकलेली कितीतरी पाखरे असतात.

कोणी म्हणेल, चष्मेवाला तर अजून पुष्कळ आहे. होय, पर्वतीय चष्मेवाला अद्याप दुर्मीळ झालेला नाही. परंतु त्याचाच भाऊबंद, किनाऱ्यालगतच्या झाडीत राहणारा जावाचा पिवळा चष्मेवाला, आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. जावाच्या पश्चिमेकडील पर्वतांतच राहणारा, तांबूस कपाळाचा हास्यपक्षी तर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला आहे. त्याची जात टिकावी म्हणून सुकाबुमीजवळच्या चिकानांगा केंद्रात त्याची पैदास करावी लागते. आणि ‘चुचाक रावा’ नावाचा, गवताच्या रंगाच्या डोक्याचा, अत्यंत सुरेल बुलबुल एके काळी जावाच्या नदीकाठांवर सर्रास गात असे. आज रानातून तो संपला, असेच मानले जाते. तोही एके काळी पुष्कळच होता. एक जात संपत आली, की शिकाऱ्याची नजर पुढच्या जातीकडे वळते. ‘पुष्कळ आहेत’ हा शब्द कोणाही पाखराचे रक्षण करू शकला नाही.

मग पक्षी पाळणे हराम आहे काय?

येथे भावनेच्या भरात शरीअतच्या पुढे धावता कामा नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सेवक ह. अनस (र.) यांचा एक धाकटा भाऊ होता. त्याला प्रेमाने अबू उमैर म्हणत. त्याच्याजवळ नुगैर नावाचे एक लहानसे पाखरू होते. प्रेषित (स.) त्यांच्या घरी येत, तेव्हा त्या बालकाशी थट्टेने बोलत. एकदा ते पाखरू मेले आणि मुलगा खिन्न होऊन बसला. तेव्हा प्रेषितांनी त्याच्या नावाशी यमक जुळवून, नुगैरचे काय झाले, असे त्याला लाडाने विचारले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. चौथ्या हिजरी शतकातील शाफई विद्वान इब्नुल् कास यांनी या एका छोट्या प्रसंगातून साठांहून अधिक मुद्दे काढून स्वतंत्र पुस्तिका लिहिली. याच हदीसच्या आधारे अनेक फकीहांनी पक्षी पाळण्यास अनुमती दिली आहे. काहींनी मात्र केवळ आवाजासाठी त्याला कोंडून ठेवणे नापसंत केले.

तेव्हा अनुमती आहे. पण ती अटींसह आहे. दुसरीकडे, बुखारी व मुस्लिममधीलच ती प्रसिद्ध हदीस आठवा. एका स्त्रीने मांजरीला कोंडले. तिला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-कीटक खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. ती मांजर मेली आणि त्यापायी ती स्त्री नरकास पात्र झाली. एका मांजरीपायी! तिसरी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) सांगतात, की प्रवासात काही सोबत्यांनी एका लहान पाखराची दोन पिले उचलली. आई आली आणि व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषित (स.) परतले आणि त्यांनी विचारले, की हिच्या पिलांवरून हिला कोणी दुःख दिले? आणि पिले तिला परत करण्याचा आदेश दिला. नसाईतील एका हदीसचा आशय असा, की चिमणी किंवा त्याहून मोठा जीव ज्याने हक्काविना मारला, त्याला अल्लाह त्याबद्दल जाब विचारील.

या हदीसी एकत्र ठेवून पाहिल्या, की चित्र स्पष्ट होते. मदीनेतील एका बालकाच्या हातात एक पाखरू होते. त्या पाखरामुळे मदीनेच्या खजूरबागा मुक्या झाल्या नव्हत्या. तेथे बाजार नव्हता, स्पर्धा नव्हती, खोक्यांत मरून पडलेली पाखरे नव्हती. त्या एका पाखरासाठी असलेली सवलत कोट्यवधी पिंजऱ्यांच्या समर्थनासाठी वापरणे, हा त्या कोमल प्रसंगावरच अन्याय आहे. शरीअतचा सर्वमान्य नियम आहे, की कोणास हानी पोहोचवू नये आणि हानीच्या बदल्यातही हानी करू नये. जी गोष्ट मुळात मुबाह आहे, तीच जेव्हा आईपासून पिलांना तोडते, जीवांना तडफडवून मारते आणि अल्लाहने निर्माण केलेल्या एका उम्मतीचा अंत घडवते, तेव्हा ती मुबाह राहत नाही.

उलेमांचा निर्णय आणि छंदाचे बळ

इंडोनेशियातील उलेमांनी या बाबतीत मौन पाळले नाही, याची नोंद कृतज्ञतेने घेतली पाहिजे. तेथील सर्वोच्च उलेमा परिषद, मजलिस उलमा इंडोनेशिया, हिने २०१४ मध्ये आपला चौथा फतवा दुर्मीळ वन्यजीवांच्या संरक्षणाविषयी दिला. प्रत्येक जीवाला जगण्याचा हक्क आहे. दुर्मीळ प्राण्यांना मारणे, इजा करणे, त्यांची शिकार करणे किंवा त्यांना नामशेषतेकडे नेणारे कोणतेही कृत्य करणे, शरीअतला मान्य अशा कारणाविना, हराम आहे. आणि त्यांची बेकायदेशीर शिकार व व्यापारही हराम आहे, असा त्याचा आशय आहे.

परंतु छंदाचे बळही पाहा. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या शासनाने संरक्षित जीवांची नवी यादी जाहीर केली. तिच्यात काही लोकप्रिय गाणाऱ्या पक्ष्यांची नावे होती. पक्षीपालकांनी इतका विरोध केला, की काही महिन्यांतच त्यांतील काही नावे वगळावी लागली. रानातून नाहीसा होत आलेला तो सुरेल बुलबुलही त्यांत होता. कायदा माणसे करतात आणि माणसे दबावाखाली कायदा मागे घेतात. आखिरतच्या न्यायालयात मात्र यादीतून नाव वगळण्याची सोय नाही.

आणि डोंगरातल्या त्या गरीब माणसालाही विसरू नका, जो चार पैशांसाठी जाळे लावतो. त्याच्यावर बोट रोखणे सोपे आहे. पण शहरातील श्रीमंत शौकीन विकत घेत नसता, तर त्याने जाळे कशासाठी लावले असते? मागणी करणाऱ्याचा हात जाळ्याला लागत नाही, म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

आपल्या घराच्या खिडकीत

वाचकहो, जावा दूर आहे. पिंजरा मात्र दूर नाही. आपल्या कित्येक घरांत, गॅलरीत किंवा दुकानाच्या दारात पोपटाचा पिंजरा टांगलेला असतो. मुलांच्या हट्टासाठी रंगवलेल्या मुनिया विकत घेतल्या जातात. त्या पोपटाला ‘सलाम’ म्हणायला शिकवले, की आपल्याला कौतुक वाटते. कौतुक स्वाभाविक आहे. परंतु काही गोष्टी स्पष्टपणे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. भारतातील रानपक्षी, मग तो पोपट असो, मुनिया असो वा चष्मेवाला, पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. ज्या भूमीवर आपण राहतो, तिच्याशी झालेला करार पाळणे ही मुस्लिमाची धार्मिक जबाबदारी आहे, आणि हा कायदा तर दयेच्याच बाजूचा आहे.

दुसरी गोष्ट. काही लोक सवाबच्या हेतूने बाजारातून पाखरे विकत घेतात आणि उडवून देतात. हेतू चांगला, परिणाम मात्र उलट. विक्रेत्याला पैसे मिळतात आणि रिकाम्या पिंजऱ्यासाठी तो पुन्हा रानाकडे वळतो. उडवलेली पाखरेही उपासमारीने व जखमांनी अशक्त झालेली असतात. अनोळखी शहरात ती फार काळ तग धरत नाहीत. ज्या दानाने पकडणाऱ्याचा धंदा वाढतो, त्याऐवजी तेच पैसे गरजूला द्यावेत किंवा एक झाड लावावे.

तिसरी गोष्ट. ज्यांच्या घरी आधीपासून असा पक्षी आहे, त्यांनी घाईने दार उघडून त्याला सोडू नये. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या, पंख कापलेल्या पाखराला अन्न शोधता येत नाही. मांजर किंवा कावळा त्याला सोडत नाही. वन विभागाशी किंवा जखमी पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या केंद्राशी संपर्क साधून त्याला त्यांच्याकडे सोपवावे. तोपर्यंत त्याचे दाणा-पाणी, सावली आणि स्वच्छता यांत कसूर होऊ देऊ नये. तो आपल्या ताब्यात आहे, म्हणजे आपण त्याचे उत्तरदायी आहोत.

चौथी गोष्ट मुलांविषयी. मूल पाखरू मागते, ते वाईट नाही. अबू उमैरलाही पाखरू आवडत होतेच. त्याच्या मागणीला नुसते ‘नाही’ म्हणण्यापेक्षा त्याच्या हाती मातीचे एक पसरट भांडे द्या. उन्हाळ्यात ते रोज पाण्याने भरणे, हे त्याचे काम. दारात जास्वंद, अंगणात पेरू, शेवगा किंवा जांभूळ लावा. बुखारी व मुस्लिममध्ये ह. अनस (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय आहे, की मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे वा पेरलेल्या पिकाचे फळ पाखराने, माणसाने किंवा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते. त्या हदीसमध्ये पाखराचे नाव मुद्दाम घेतलेले आहे. एखाद्या सकाळी फुलांवर चष्मेवाल्यांचा थवा येईल, दोन मिनिटे किलबिलेल आणि निघून जाईल. मुलाला सांगा, की हे आपले नाहीत, हे अल्लाहचे आहेत. आणि आपण त्यांना जेवू घातले.

प्रेम आणि मालकी

खरे तर पिंजऱ्याचा प्रश्न हा हृदयाचा प्रश्न आहे. जावाच्या पक्षीपालकाला पाखरू आवडत नाही, असे कोण म्हणेल? तो पहाटे उठून त्याला न्हाऊ घालतो, किडे खाऊ घालतो, रात्री पिंजऱ्यावर कापड टाकतो. त्याचे प्रेम खरे आहे. परंतु मनुष्याच्या प्रेमात एक वैगुण्य आहे: त्याला जे आवडते, ते आपल्या मुठीत हवे असते. आवाज सुंदर आहे ना, मग तो माझ्या ओसरीवर हवा. शेजाऱ्याच्या पाखरापेक्षा माझे सरस ठरायला हवे. सूरह अत्-तकासुरमध्ये अधिकाधिक मिळवण्याच्या ज्या चढाओढीविषयी सावध केले आहे, ती केवळ धनाची नसते; ती पाखरांचीही असू शकते.

ह. सुलैमान (अ.) यांच्याकडे पाहा. सूरह अन्-नम्लच्या १६ व्या आयतीनुसार त्यांना पाखरांची भाषा शिकवली गेली होती. इतके सामर्थ्य क्वचितच कोणाला मिळाले असेल. तरीही त्यांच्या कथेत पिंजरा नाही. हुदहुद मोकळा उडत होता, दूरच्या देशाची बातमी घेऊन आला आणि एका राणीच्या हिदायतचे निमित्त ठरला. त्याला कोंडून ठेवले असते, तर ती बातमी कोणी आणली असती?

तिर्मिजीत ह. उमर (र.) यांच्याकडून आलेली हदीस आपल्याला ठाऊक आहे. आपण अल्लाहवर खराखुरा भरवसा ठेवला, तर पाखरांना जशी रोजी मिळते तशी आपल्यालाही मिळेल. ती सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि सायंकाळी भरल्या पोटी परततात. या उपमेतला बारकावा लक्षात घ्या. तवक्कुलचा धडा देणारे पाखरू हे निघणारे आणि परतणारे पाखरू आहे. पिंजऱ्यातले पाखरू निघतही नाही आणि परततही नाही. त्याची रोजी एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून असते. आपण पाखराला कोंडले, की तवक्कुलचा एक जिवंत नमुनाच आपल्या डोळ्यांसमोरून दूर करतो.

मुस्लिमाला या पृथ्वीवर खलीफा बनवले आहे. खलीफा म्हणजे मालक नव्हे. मालकाच्या वतीने सांभाळणारा. अमानत परत करण्याचा दिवस येईल, तेव्हा पर्वत तर हजर असतीलच. त्या पर्वतांच्या सोबत तस्बीह करणाऱ्या पाखरांचे काय केले, असा प्रश्न आपल्या पिढीला विचारला गेला, तर आपण कोणत्या तोंडाने उत्तर देणार?

या आठवड्यात एक लहानसा संकल्प करू या. फज्रच्या नमाजनंतर काही क्षण खिडकी उघडी ठेवून ऐकावे. शहरात असाल, तर एखादी चिमणी, एखादा बुलबुल. गावात असाल, तर त्याहून बरेच काही. ते गाणे आपल्यासाठी नाही, हे जाणून ऐकावे. आणि आपलाही आवाज हळूच त्यात मिसळावा: सुब्हानल्लाह.

हे अल्लाह! तू ज्यांना पंख दिलेस, त्यांना आमच्या लोभापासून सुरक्षित ठेव. आमच्या मुलांच्या हृदयांत अशी दया घाल, की जिला मूठ आवळावीशी वाटणार नाही. जावाच्या पर्वतांना आणि आमच्या सह्याद्रीला त्यांची पाखरे राहू दे, आणि आम्हांला तुझ्या स्मरणात त्यांच्या पंक्तीला बसण्याची पात्रता दे. आमीन.